आईच्या आवाजाचा डाग

"डबा खाल्लास का गं?" आईने विचारलं आणि पडद्यावर शाल्मलीच्या मेंदूत केशरी डाग उमटला.

"बघा, ऐकू येतंय हिला," डॉ. गाडेकर म्हणाले.

"ओठ वाचले मी," शाल्मली म्हणाली.

नवव्या वर्षी मेंदूज्वराने तिचे दोन्ही कान नेले होते. कॉलेजात तिला अक्षरपट हवा होता, म्हणजे शिक्षकांचं बोलणं बाकावर लिहून दाखवणारी काच. पण बहिरेपणाची सोंगं वाढल्यापासून कानांची जुनी चाचणी बाद झाली होती. आता श्रवणदर्शक थेट मेंदूत डोकावायचा. घरचं माणूस समोर बसून बोलणार. मेंदूतलं ऐकण्याचं केंद्र उजळलं, की बहिरेपणाचा दाखला नाही, आणि दाखल्याशिवाय अक्षरपट नाही. परक्यांपुढे शाल्मलीचं ते केंद्र काळंच राही. आईचे ओठ हलले, की मात्र लहानपणी ऐकलेला तिचा आवाज डोक्यात जागा होई, जरासा घोगरा, शेवटचा 'गं' लांबवणारा. ही आठवण आहे, ऐकणं नव्हे, हे यंत्राला कळत नव्हतं.

"आईला तोंड झाकून बोलू द्या ना."

"नियमात समोरासमोर आहे. वर्गात सर तोंड झाकून शिकवतात का?"

"फळ्याकडे तोंड करून शिकवतात. दोन विषय गेलेत त्यात. आणखी एक गेला, की नाव कमी होईल माझं."

गाडेकरांनी कपाटातून एक पट्टा काढला. "मग ही पुसणी लावू. त्या आवाजाची आठवण तेवढी जाते, दुखत नाही. दाखला आजच घेऊन जा."

"आठवण परत येते?"

"परत आली तर दाखला रद्द करावा लागेल," ते हसून म्हणाले.

आईने पट्टा उचलून तिच्या हातात दिला. "लाव, शाले. माझ्या आवाजाचं काय लोणचं घालायचंय?"

डाग भडकला. शाल्मलीला हसू आलं. पट्टा कपाळावर आवळून घेत ती म्हणाली, "आई, एकदा हाक मार."

दिवसभर तोंड न मिटणारी आई उठून भिंतीकडे वळली. पाठमोरे खांदे हलत होते, म्हणजे ती काहीतरी बोलत होती. पडदा काळाठिक्कर होता.

"शून्य आलं की, डॉक्टर! दिसतंय ना?" शाल्मली म्हणाली.

"समोरासमोर नाही. धरता येत नाही," असं म्हणून गाडेकरांनी बटण दाबलं.

पट्टा गरम होऊ लागला. थोड्या वेळाने आई वळेल, तिचे ओठ हलतील. ते कुणाच्या आवाजात वाचायचे?