खिशावरचा ढब्बू

तिने आधी त्याचा हात पाहिला, तोंड बऱ्याच वेळाने.

सकाळी झारी घेऊन ती गॅलरीत आली, तर शेजारच्या गॅलरीतून एक हात मधल्या कठड्यावरून सरळ तिच्या लिंबाच्या कुंडीत आलेला. चिमटीत काहीतरी धरलेलं... आणि ती चिमूट एका पानाशी घुटमळणारी.

"काय चाललंय?"

चटका बसल्यासारखा हात मागे गेला. मग कठड्यावर एक चेहरा उगवला. विस्कटलेले केस, झोपाळू डोळे, आणि चोरी पकडली गेली तरी हसू काही आवरेना असलं तोंड.

"काही नाही... तुमचं पान पडलं होतं. परत लावत होतो."

"पानं परत लावता येतात?"

"नाही ना! तेच लक्षात आलं आत्ता."

उत्तर तयार ठेवणाऱ्या माणसांवर तिचा मुळीच विश्वास नव्हता. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. समोरची अक्षरं दिसत नसतानाही ठोकून देणारे लोक तिला रोज भेटत. हाही त्यातलाच, असं तिने ठरवून टाकलं. थोड्या वेळाने तो निळा गणवेश घालून जिना उतरला तेव्हा तर खात्रीच पटली. पाठीवर औषधाचा पंप, खिशावर उताण्या पडलेल्या झुरळाचं चित्र. कीड मारणाऱ्या कंपनीचा माणूस! आणि राहायला आला तो कुठे, तर इमारतीतली पोरं जिला 'अळीताई' म्हणतात तिच्या शेजारी.

तिच्या गॅलरीतलं लिंबाचं झाड लिंबांसाठी नव्हतंच मुळी. ते फुलपाखरांच्या अळ्यांसाठी होतं. लहान असताना पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसणाऱ्या, मोठ्या झाल्या की हिरव्यागार होणाऱ्या, आणि कुणी छेडलं की डोक्यातून लाल शिंगं काढून उग्र वास सोडणाऱ्या. "अगदी तुझ्यासारख्या," असं तिची आत्या म्हणायची. घरात या दोघीच. आणि इमारतीमागचा कोपराही तिचाच. तिथे शोभेची रोपं न लावता तिने आसपासच्या माळावरचं बी आणून टाकलं होतं. आता तिथे कमरेएवढं गवत होतं, रुई होती, रानफुलं होती. उघड्या मातीत एकेकट्या राहणाऱ्या मधमाश्यांची बारीक बिळं होती. बिचाऱ्या कुणाच्या अध्यात ना मध्यात.

सोसायटीचे अध्यक्षकाका मात्र त्याला जंगल म्हणत. सोमवारी त्यांनी जाहीर केलं, रविवारी फवारणी, मग सगळं सपाट. फवारणार कोण? दुसरं कोण असणार!

त्यात लिंबावर अळ्या वाढायला लागल्या. रोज सकाळी नव्या. काही बारीक, काही चांगल्या अर्ध्या वाढलेल्या. आता अर्धी वाढलेली अळी काही अंड्यातून बाहेर येत नाही. ती कुणीतरी आणून ठेवावी लागते. हे कळलं तेव्हा तिच्या मनात पाल चुकचुकली. रविवारी तो काकांना हीच कुंडी दाखवणार आणि म्हणणार, किडीचं मूळ बघा कुठे आहे!

"अगं, तो तुझ्या कुंडीत डोकावत नाही, तुझ्याकडे डोकावतोय," आत्या म्हणाली.

"आत्या!"

"बरं बाई, नाही बोलत. पण हसतो छान."

तो छान हसतो हे तिलाही दिसलं होतं. म्हणून तर संशय जास्त होता. आणलेल्या अळ्यांमधल्या सगळ्यात जाड्या, सगळ्यात खादाड अळीला मात्र तिने 'ढब्बू' नाव ठेवलं. शत्रूने पाठवला असला तरी ढब्बूचा काय दोष?

गुरुवारी तो दुकानातच येऊन बसला.

"जवळचं नीट दिसत नाही हो."

तिने खोलीतला दिवा मंद केला, त्याच्या नाकावर चाचणीची जड चौकट चढवली. एवढ्या जवळून त्याच्या अंगाला साबणाचा वास येत होता. नुसता साबण... अंग घासघासून धुतल्यासारखा.

"उजव्या डोळ्याने काय दिसतंय?"

"तुम्ही रागावलेल्या."

"आणि डाव्याने?"

"तेवढ्याच." त्याने मान तिरकी केली. "पण डाव्याने जास्त छान दिसता."

"अक्षरं वाचा!"

अक्षरं त्याने शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचली. नजरेत काडीचाही दोष नव्हता.

"मग कशाला आलात?"

"सांगायला. त्या अळ्या मीच ठेवतो." त्याने चौकट उतरवली. "लोकांच्या बागेत फवारायला जातो ना... त्याआधी हाताला लागतात तेवढ्या डबीत घेतो. नाहीतर मरतील."

"आणि माझ्याच झाडावर का? स्वतःची कुंडी ठेवा की!"

"ठेवली होती." त्याचं हसू पहिल्यांदाच मावळलं. "माझ्या कपड्यांना औषध लागलेलं असतं. कितीही धुवा. माझ्याकडे काही जगत नाही."

क्षणभर तिला ते खरं वाटलं. पण लगेच तिने स्वतःला बजावलं, याची उत्तरं नेहमीच तयार असतात! "पुढचा पेशंट," ती दाराकडे पाहून म्हणाली. बाहेर कुणीच नव्हतं.

शनिवारी सकाळी ढब्बू गायब.

तिने पानन्‌पान उलटून पाहिलं, कुंडीमागे पाहिलं, आत्याला हलवून उठवलं. कोष करायची वेळ झाली की अळी झाडावरून चालू लागते, हे तिला पाठ होतं. पण संशय डोक्यात शिरला की पाठ केलेलं आठवतं थोडंच! तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. तोच होता.

"जरा येता का? एक गंमत—"

"आधी माझा ढब्बू परत करा!"

"कोण ढब्बू?"

तिने दार धाडकन लावलं.

रविवारी ती उजाडताच कोपऱ्यात जाऊन बसली. आत्याची खुर्ची रुईला पाठ लावून ठेवलेली, हातात झारी. पंप घेऊन येऊ दे, आधी माझ्यावर फवारावं लागेल! माश्या बिळांतून निघून कामाला लागल्या. ऊन डोक्यावर आलं. काका गच्चीवरून एकदा डोकावले आणि का कोण जाणे, चटकन आत गेले. तो मात्र आलाच नाही. यातही काहीतरी पाणी मुरत असणार, असं म्हणत ती तरातरा जिना चढली आणि त्याचं दार बडवलं.

"कामावर का नाही गेलात?"

तो बाजूला झाला आणि गॅलरीकडे हात केला.

दोरीवर निळा गणवेश लटकत होता. त्याच्या खिशावर, उताण्या झुरळाच्या अगदी शेजारी, कमरेला बारीक धागा बांधून एक हिरवट कोष टेकला होता.

"ढब्बू..." ती कुजबुजली.

"काल सकाळी पाहिलं तर धागा गुंडाळत होता. हेच दाखवायला आलो होतो. आता हा घालून कसा जाऊ? मालकांना सांगितलं, कपडे वाळले नाहीत."

"एवढ्या उन्हात?"

"तेही हेच म्हणाले."

"आणि माझा कोपरा?"

"परवाच काकांना सांगितलं. मी मारतो ती कीड तिथे नाही, तुमच्या स्वयंपाकाच्या ओट्याखाली आहे. सगळ्यांना दाखवू का? तर म्हणाले, हळू बोला, राहू द्या तो कोपरा." त्याने मान खाली घातली. "बागांची कामंही आता घेणार नाही म्हणून मालकांना सांगून टाकलंय."

तिला स्वतःची लाज वाटली. उभ्या गावाची नजर तपासणारीला समोरचा माणूस दिसू नये! आणि लाजेबरोबर तेही वाटलं, ज्याला तिने आठवडाभर संशय म्हणून दडपलं होतं. तिला तो आवडत होता. पहिल्या दिवशी कठड्यावर उगवला तेव्हापासून.

"तुम्ही म्हणाला होतात... तुमच्याकडे काही जगत नाही."

"म्हणालो होतो," तो म्हणाला. "चुकलं माझं."

"माझंही," ती म्हणाली.

कठड्यापलीकडून आत्याचा आवाज आला. "सापडला का गं ढब्बू?"

"सापडला, आत्या."

"मग ये घरी!"

"थांबते थोडा वेळ... लक्ष ठेवायला हवं."

"कुणावर?"

त्याचा हात कठड्यावर होता. तिने हळूच त्यावर आपला हात ठेवला. या वेळी तो मागे गेला नाही.

"दोघांवर," ती म्हणाली.