निळ्या स्कार्फचा गळा

दार उघडंच होतं. टाचणी नावाच्या शिंपिणीने खांद्यावरचा गाऊन सावरला, दोनदा हाक मारली आणि कोणी ओ देईना म्हणून सरळ आत शिरली. आत शिरली आणि जागच्या जागी थबकली.

भिंतीवरच्या फळीवर गळे मांडले होते. पांढरे, प्लास्टरचे. हनुवटीखाली सुरू होऊन खांद्यापाशी संपणारे. ना तोंड, ना डोळे… तरी सगळे आपल्याकडेच बघताहेत असं तिला वाटलं. बाहेर दाट धुकं होतं, त्यामुळे खोलीतही उजेड कमीच. टोकाच्या एका गळ्याला मात्र निळा रेशमी स्कार्फ बांधलेला. गाठ सुबक होती. शिवणकाम करणाऱ्या बाईला अशी गाठ दिसली की हात लावल्याशिवाय राहवत नाही. तिने हात पुढे केला—

"तिला हात नको."

ती दचकून वळली. दारात कारागीर उभा होता. चामड्याच्या ॲप्रनवर चांदीचा कीस आणि दोन्ही हातांत चहाचे कप.

"तिला?" टाचणी म्हणाली. "मला वाटलं, नुसता गळा आहे."

"तुम्ही कोण?"

"तुमचा हार ज्या गाऊनवर बसायचाय, त्या गाऊनची शिंपीण. सगळे टाचणी म्हणतात. तोंडात टाचण्या धरून बोलते ना, म्हणून."

"आत्ता तर नाहीत तोंडात."

"तरी टोचते. सवयच आहे."

तो हसला. हसणं बरेच दिवस वापरात नसावं. जरा अडकतच आलं. एक कप त्याने तिच्यापुढे केला.

"आणि मी काय धूळ पिऊ?" कोपऱ्यातून आवाज आला. पॉलिशच्या चाकामागे एक म्हातारी बसली होती. "चहा माझा होता, जावईबापू."

ती त्याची सासू. तो तिला आई म्हणायचा. तिची मुलगी जाऊन बरेच दिवस झाले होते, पण म्हातारी कुठे गेली नव्हती. कोणी विचारलंच तर म्हणायची, "मुलगी गेली म्हणून जावयाला काय वाऱ्यावर सोडू?" निळा स्कार्फ त्या मुलीचा होता. गळाही तिचाच. ती असताना त्याने हौसेने साचा घेतला होता.

त्या वर्षी दागिन्यांनी ताळतंत्र सोडलं होतं. रॅम्पवर मुली चालायच्या त्या खांद्याला टेकणारी कानातली घालून. अंगठ्या अशा, की मूठ मिटता येऊ नये. कपडे साधे आणि अंगावर एकच दागिना, पण असा की लोकांना आधी दागिना दिसावा, मग बाई. एका अभिनेत्रीला पुरस्कार सोहळ्यात रेड कार्पेटवर घालायला असाच हार हवा होता: चांदीची पिसं, एकावर एक, मानेभोवती उभी. गाऊनचा काठ आणि हाराचा काठ तंतोतंत जुळायला हवे होते, म्हणून टाचणी रोज यायला लागली. अभिनेत्री शूटिंगसाठी परगावी होती, पण तिच्या गळ्याचा साचा इथे होता. काम त्यावर चाललं होतं.

कारखान्याची एक रीत होती. संध्याकाळी उठताना हाराचा खटका उघडा ठेवायचा. गळ्यावर बंद हार ठेवून दिवा मालवायचा नाही.

"का हो?" टाचणीने विचारलं.

"आई म्हणतात, गळ्याला श्वास घेऊ द्यावा."

"प्लास्टरच्या?"

"त्यांच्याशी वाद घालून बघा. मी हरलोय."

पण सकाळी खटका बंद असायचा. कारागिराने तो उघडा ठेवलेला टाचणीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं असायचं, तरीही. आणि गळा… रात्री तो खिडकीकडे वळवून ठेवलेला, सकाळी टाचणीच्या स्टुलाकडे वळलेला असायचा.

"आई, तुम्ही हलवता ना हा?"

"मी? गुडघ्यांना विचार माझ्या, टेबलापर्यंत तरी पोचतात का ते!" म्हातारीने चाक थांबवलं. "मला तर वाटलं, तूच वळवतेस. आपल्याकडे कोणीतरी बघावं म्हणून."

टाचणी लाजली. कारागिराने मान खाली घालून कानशीवर नको तेवढा जोर दिला.

त्याची नजर तिला कळत होती. एखादं पीस बसवलं की तो मागे सरायचा, हाराकडे बघायचा, मग तिच्याकडे. लगेच पुन्हा हाराकडे… जणू चोरी केली. एकदा गाऊन टाचताना तिच्या बोटात टाचणी गेली, तर हातातलं तापलेलं काम टाकून तो उठला.

"एवढंसं रक्त," ती म्हणाली. "मरत नाही मी."

त्याचा चेहरा उतरला. आपण काय बोललो हे तिला कळलं आणि रस्ताभर ती स्वतःला शिव्या घालत गेली. नुसती शिवणघरातून आलेली बाई असती तर इतकं लागलं नसतं. जीव जडला होता.

सोहळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी अभिनेत्री आली. गाऊन मापात बसला. कारागिराने हार तिच्या मानेभोवती घातला, खटका ओढला. मिटेना. पुन्हा ओढला.

"एवढी जाड झाले का मी?" अभिनेत्री हसत म्हणाली.

कारागिराने हार काढून टेबलावर ठेवला. तो सावकाश फळीपाशी गेला आणि त्याने निळ्या स्कार्फची गाठ सोडली. आतला गळा उलटा केला. तळाला अभिनेत्रीच्या साच्याची खूण होती, कोरलेली चांदणी. मग टेबलावरचा गळा उलटा केला. त्याला खूणच नव्हती. बायकोच्या गळ्याला खुणेची गरज काय पडणार होती?

"कामाच्या पहिल्या दिवशी मी स्कार्फ सोडून फळी पुसली," म्हातारी हळूच म्हणाली. "परत ठेवताना इकडचं तिकडे झालं असेल. पण स्कार्फ तर तू बांधतोस ना रे रोज?"

"डोळे मिटून बांधतो," तो म्हणाला. "बघवत नाही, आई."

अभिनेत्रीने टेबलावरच्या हाराकडे बोट केलं. "निदान अंगावर दिसतो कसा ते तरी बघू. ए टाचणी, घाल ना जरा."

टाचणीने हार घेतला. चांदी कोमट होती, नुकतीच कोणीतरी गळ्यातून काढून दिल्यासारखी. तिने तो मानेभोवती नेला, आणि खटका शोधायला बोटं मागे जाण्याआधीच… टिक्. बंद झाला. एकेक पीस अंगाला असं लागलं, की मधून दोरा जाऊ नये.

कारागीर तिच्याकडे बघत राहिला. आज चोरून नाही, थेट. इतके दिवस याच नजरेची टाचणीने वाट पाहिली होती, पण आता ती नजर नेमकी कोणाकडे आहे?

"माझ्याकडे बघताय," तिने विचारलं, "की तिच्याकडे?"

त्याची नजर टेबलावरच्या गळ्याकडे गेली आणि परत आली.

"काढा हा." तिने मागे हात नेला. खटका निघेना. "काढा म्हणते ना! मला उसना गळा नकोय. मला कोणी बघायचं तर मला बघावं, नाहीतर नको."

"थांब, पोरी." म्हातारी गुडघे धरत उठली. जवळ आली आणि तिने टाचणीची मान दोन्ही तळव्यांत धरली. "माझी लेक बारीक. मानेला असे हात घातले की माझी बोटं मागे जुळायची. लहान असल्यापासून शेवटपर्यंत. तुझ्या मानेला बघ, जुळत नाहीत."

मग तिने टेबलावरचा प्लास्टरचा गळा तसाच धरला. बोटं जुळली नाहीत.

तिने गळा उजेडाकडे वळवला. डाव्या कानाखाली, जिथे प्लास्टर गुळगुळीत असायला हवं होतं, तिथे मोहरीएवढा उंचवटा होता. टाचणीचा हात आपोआप स्वतःच्या कानाखाली गेला. तिथे तिचा तीळ होता.

"तुला जागा करून दिली माझ्या लेकीने," म्हातारी म्हणाली. "दुसरं काय म्हणू?"

कारागीर स्टुलावर बसला. "स्कार्फ बांधताना तो गळा हाताला परका लागायचा," तो म्हणाला. "मला वाटायचं, माझे हातच तिला विसरत चाललेत. घरी जाऊन रडायचो. मग एक दिवस कळलं, टेबलावरचा हा गळा कोणासारखा होतोय ते… आणि तरी मी थांबलो नाही. अभिनेत्रीचा साचा असा कसा बदलेल, एवढंसुद्धा विचारलं नाही स्वतःला. सकाळ कधी होते याची वाट बघायचो."

टाचणीच्या मानेमागचा खटका आपसूक उघडला.

"उद्या मी गळा मोकळाच ठेवते," अभिनेत्री डोळे पुसत म्हणाली. "बाकीच्या दागिन्यांत गळ्यापर्यंत बुडालेल्या असतील. माझाच तेवढा दिसेल!" आणि तसंच झालं. दुसऱ्या दिवशी टीव्हीवर सगळे त्या मोकळ्या गळ्याबद्दलच बोलत होते.

इकडे कारखान्यात टीव्ही बघायला फुरसत कोणाला होती? म्हातारी स्कार्फ पदरात बांधून बहिणीकडे गेली होती. टाचणीने एकच अट घातली होती: माझा गळा, माझ्याच मापाने. ती स्टुलावर बसली होती आणि कारागीर तिच्या मानेवर ओलं प्लास्टर लावत होता.

"आता बोलायचं नाही. हलायचं नाही. वाळेपर्यंत."

"मला गप्प करायचा बरा—"

"श्श." त्याने समोर बसून तिचे दोन्ही हात हातात घेतले. "आता मी बोलतो. तिला मी विसरणार नाही. खोटं कशाला सांगू? पण काल तुझ्याकडे बघत होतो. तुझ्याकडेच. राहशील इथे?"

प्लास्टर आवळत होतं, ऊबदार होत होतं. तिला मान हलवता येईना. तिने त्याची बोटं घट्ट दाबली. त्यानेही दाबली.

तेवढ्यात तिच्या कपाळावरची बट ओघळून ओल्या प्लास्टरकडे आली. कोणीतरी ती मागून अलगद उचलली, कानामागे सारली, आणि क्षणभर खांद्यावर हात ठेवला.

कारागिराचे दोन्ही हात तिच्या हातात होते. त्याची नजर तिच्या खांद्यावरून मागे गेली आणि तिथेच थांबली. डोळे भरून आले, पण तो घाबरला नाही.

म्हणून मग तीही घाबरली नाही.