तिसऱ्या पावलाची खूण

त्या दिवशी वाळवंटातून खमसीनचं वारं सुटलं होतं. अलेक्झांड्रियात भर सकाळी धुळीनं अंधारून आलं होतं. मी भाकरी आणि उकडलेलं अंडं खाल्लं आणि कामावर गेलो. माझं काम उभं राहायचं. चित्रशाळेत पोरं माझ्याकडे बघून माणसाचं अंग काढायला शिकतात. तीस वर्षं उभा राहिलो. हललो नाही.

हे काम मला थोरल्या भावानं, अवादनं, लावून दिलं. तोही तिथंच उभा राहायचा. शेवटच्या वर्षी त्याची डावी बाजू लुळी पडली. मग अंगाला लवंगेचं तेल चोळून, माझ्या डाव्या खांद्यावर हात टाकून, पाय घासत तो जिना चढायचा. हिवाळ्यात वारला. मीच त्याला मातीत ठेवला.

मी फळीवर उभा होतो, परीक्षेची पोज चालू होती. भार उजव्या पायावर, डावा सैल. उस्ताद रिफअत कागद बघत फिरले आणि भडकले.

"भार उजव्या पायावर असला की डावा खांदा वर जातो. किती वेळा सांगू? सगळ्यांनी खाली काढलाय! एकमेकांचं बघून काढता काय रे, गाढवांनो?"

"दिसतं तसंच काढलंय, उस्ताद," कुणीतरी पुटपुटलं.

उस्ताद माझ्यापाशी आले. "बशंदी, वाकलास."

"नाही."

"म्हातारा झालास."

"झालो. वाकलो नाही."

त्यांनी ओळंबा काढला. दोरी माझ्या गळ्याच्या खळगीपुढे धरली. शिसं उजव्या टाचेशी यायला हवं. ते माझ्या डाव्या पावलाच्याही पलीकडे, रिकाम्या फळीवर टेकलं. उस्तादांचा आवाज उतरला.

"असा माणूस उभा राहत नाही. पडतो."

"मी उभा आहे."

"तेच बघतोय..." त्यांनी दोरी गुंडाळली. "उद्या सरळ उभा राहा. नाहीतर तुझ्या जागी त्या पैलवानाला बोलावतो. पोरांची परीक्षा आहे."

डाव्या खांद्यावरचं वजन मला अवाद वारल्याच्या चाळिसाव्या दिवसापासून कळत होतं. मी कुणाला बोललो नव्हतो.

सुट्टीआधी पावलांभोवती खडू फिरवतात, म्हणजे परत तिथंच उभं राहता येतं. तो फिरून होईपर्यंत हलायचं नाही, मानसुद्धा वळवायची नाही. त्या दिवशी खडू नर्दीनच्या हातात होता. पोरगी त्याच आठवड्यात कैरोहून आलेली. अवादला तिनं पाहिलेलं नव्हतं.

खडू उजव्या पावलाभोवती फिरला. मग डाव्याभोवती. थांबला नाही. करकरत आणखी डावीकडे गेला.

"हलू नका हं, काका," ती खाली बघतच म्हणाली. मग जरा बाजूला तोंड करून, "तुम्हीपण."

कागदांवरची खरखर थांबली.

"नर्दीन... कुणाशी बोलतेस?" उस्तादांनी विचारलं.

"या दुसऱ्या काकांशी. त्यांचा पाय रेषेवर..." तिनं वर बघितलं. खडू हातातून पडला.

लवंगेच्या तेलाचा वास आला. फळीवर काहीतरी घासत मागे सरलं.

मी मान वळवली नाही.

उतरल्यावर बघितलं. दोन खुणा माझ्या. शेजारी तिसरी. तिच्या पलीकडे धुळीत एक लांब फरकाटा.

दुसऱ्या दिवशी मी सरळ उभा राहिलो. शिसं पुन्हा डावीकडच्या रिकाम्या फळीवरच टेकलं. पोरांनी माना खाली घातल्या. दुपारी पैलवान आला.

मी कबरीवर कुराण वाचून घेतलं, गोरगरिबांना भाकरी वाटली. वजन उतरलं नाही. आता वाकड्या म्हाताऱ्याला कोण उभं करतो?

काल समुद्राकाठी नर्दीन भेटली. म्हणाली, "काका, मी पास झाले." जरा वेळ माझ्या डावीकडून बोलत चालली. मग मधेच थांबली. "माफ करा हं," असं हळूच म्हणाली आणि माझ्या उजव्या बाजूला आली.

माझ्याकडे बघून म्हणाली नव्हती.