कोणाकडची मावशी

विसरवाडीला मामेभावाच्या घरी लग्नाची पत्रिका देऊन शोभाबाई आणि त्यांचे यजमान पितांबर पाटील परत निघाले, तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. हायवेच्या फाट्यावर ट्रकांची रांग लागलेली. पितांबरांना चहाची तलफ आली म्हणून टपरीपाशी गाडी थांबवली. चहा घेऊन दोघं परत येतात, तर मागच्या दाराशी एक बाई उभी. डाळिंबी लुगडं, काखेत गाठोडं. वय चाळिशीचं वाटावं, आणि मान जरा वळवली की सत्तरीचं.

"चला," ती म्हणाली, "घर लगीन शे नि तुम्हीन आठेच उभ्या?"

आणि दार उघडून ती बसलीसुद्धा.

शोभाबाईंना वाटलं, यजमानांच्या नात्यातली कोणी मावशी असेल. पितांबरांना वाटलं, शोभाच्या माहेरची. तिचं माहेर नवापूरकडचंच. विचारलं मात्र कोणीच नाही. लग्नघरच्या पाहुणीला 'तुम्ही कोण' म्हणायचं म्हणजे जन्माचा रुसवा ओढवून घ्यायचा. नंदुरबार मागे पडलं, प्रकाशाच्या पुलावर तापीवरचं गार वारं काचेतून आत आलं, आणि तेव्हा शोभाबाईंच्या ध्यानात आलं की गाडीत मोहाचा वास येतोय. सडा पडलेल्या फुलांचा, गोड, आंबूस, डोक्यात चढणारा. मोह फुलतो होळीच्या आगेमागे. हा तर मार्गशीर्ष होता.

"मावशी, गाठोड्यात काय आणलंय?" पितांबरांनी आरशात बघत विचारलं.

"ज्याले जे जोयजे ते," ती हसून म्हणाली. 'ज्याला जे हवं ते' हे उत्तर ऐकून पितांबरही हसले.

शहाद्याच्या अलीकडे पाटलांचं गाव. पपई आणि केळीच्या बागा, मधोमध दुमजली स्लॅबचं घर. पितांबर आणि धाकटा नवनीत एकत्रच राहत. लग्न काजलचं होतं. काजल नवनीत-रंजिताची एकुलती एक. कागदोपत्री, आणि घरातल्या बोलण्यातही.

पोटात मात्र ती शोभाबाईंनी वाढवली होती. रंजिताचे दिवस दोनदा वाया गेले. तिसऱ्यांदा डॉक्टरांनीच नको म्हटलं. तेव्हा शोभाबाईंना दुसऱ्यांदा दिवस गेले होते. मोठा चंदन अंगणात खेळत होता. कोणी सुचवलं नाही, कोणी गळ घातली नाही. बारशाच्या दिवशी शोभाबाईंनी पाळण्यातली पोर उचलली आणि जावेच्या मांडीवर ठेवली. रंजिता तेव्हा जे रडली, ते ऐकून बायकांनी पाळणा म्हणायचा थांबवला होता. पुढे त्यावर चकार शब्द निघाला नाही. काजलला कोणी सांगितलं होतं की नाही, देव जाणे. ती रंजिताला मम्मी म्हणे आणि शोभाबाईंना मोठी मम्मी. सारा फरक त्या 'मोठी'त होता. दिवसातून कितीदा तरी तो शब्द कानावर पडे, आणि प्रत्येक वेळी शोभाबाई हातातलं काम जरा जास्त जोरानं करत.

पाहुणीनं घरात पाऊल टाकलं, तेव्हा ओसरीतल्या खाटेवर मगन बापू पडले होते. शोभाबाईंचे सासरे. नव्वदीला टेकलेले, डोळ्यांना फारसं दिसत नसलेले. त्यांनी उशीवरून मान उचलली. नाकपुड्या हलल्या.

"उनी का तू?"

"उनी, बापू."

ती आल्याची खात्री पटताच बापू भिंतीकडे तोंड करून निजले. रात्री जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी शोभाबाई त्यांना पेज भरवायला बसल्या. मांडवाचे बांबू आले होते, बाहेर माणसांचा गलका होता. बापूंनी त्यांचं मनगट धरलं.

"ती बाई... मन्हा लगीनमा बी उनी व्हती. अशीच. एक केस बी पिकेल नही."

"दुसरी कोणी असेल, बापू."

"तीच. माले ईचारं तिनी, तुले काय जोयजे? मी तरना गडी. म्हणं, भाऊनं वावर जोयजे. सकाय उठनू, त सगळं वावर मन्हं."

शोभाबाईंचा चमचा थांबला. "कोणत्या भावाचं शेत, बापू? तुम्ही तर एकटेच ना? सगळं गाव म्हणतं, मगन पाटील एकुलता एक."

बापूंच्या विझलेल्या डोळ्यांतून पाणी आलं आणि कानाकडे ओघळलं.

"तेच त सांगी ऱ्हायनू..." ते पुटपुटले. "मन्ही मायले बी याद नही व्हता. फक्त माले शे. नाव त्यानं गोवाल... तिनी ईचारं त जवाब देऊ नको, बेटा. मनमा बी देऊ नको."

म्हातारपणाचं बरळणं, असं शोभाबाईंनी स्वतःला समजावलं. पण घरभर वावरताना त्यांची नजर पाहुणीवर जायला लागली. ती काही वाईट करत नव्हती. पापड लाटायला बसे, पोरीबाळींच्या वेण्या घाली. फक्त जिथून ती उठे, तिथली माणसं जरा वेळ कुठेतरी लांब बघत राहत. आणखी एक गोष्ट. शोभाबाईंना तिच्या बोलण्यात नवापूरकडची लकब ऐकू येई. रंजिता मात्र म्हणाली, "ताई, मावशी अगदी मन्ही मायनागत बोलतस हो." रंजिताचं माहेर साक्रीचं.

दुपारी मागच्या अंगणात शोभाबाई मांडे करायला बसल्या. चुलीवर खापर उलटं तापलेलं. पुरण भरलेला उंडा हातावर झुलवत झुलवत पातळ करायचा आणि खापरावर अलगद सोडायचा. लग्नघरात हे काम त्यांच्याकडेच असे. पाहुणी समोर येऊन बसली. धुराच्या वासावर मोहाचा वास चढला.

"तुले काय जोयजे, शोभा?"

"माले? काहीच नही. पोरनं लगीन बेस व्हई जाऊ दे."

"हाई त सगळासनं जोयजे. तुन्हं सांग."

शोभाबाईंनी नवा उंडा हातावर घेतला. पण तेवढ्यात पलीकडच्या पायरीवर रंजिता काजलच्या केसांना तेल लावत होती, आणि काजल कळवळून हसली, "मम्मी, हळू ना!" रंजितानं तिच्या डोक्यावर टपली मारली. शोभाबाईंच्या हातावरचा मांडा मधोमध फाटला.

ओठ मिटलेलेच होते. पण मन काही ओठांसारखं मिटून घेता येत नाही.

"बरं," पाहुणी हळूच म्हणाली. खापरावरचा करपत आलेला मांडा तिनं बोटांनी उचलून उलटला. आच केवढी होती! तिनं हात झटकलासुद्धा नाही.

सकाळी शोभाबाईंना जाग आली ती कोणीतरी खांदा हलवल्यानं. काजल चहाचा कप घेऊन उभी होती.

"मम्मी, उठ ना. आज हळद शे नि तू झोपेल?"

शोभाबाई उठून बसल्या. ऐकण्यात चूक झाली असेल. पण काजल कुशीत शिरली, गळ्यात हात टाकले, "मम्मी, मी गयी का तू रडशी ना?" म्हणाली. एवढी वर्षं ज्यासाठी कान आसुसले होते, ते आपल्या बिछान्यात, आपल्या गळ्याशी होतं. शोभाबाईंनी डोळे मिटून तिचे केस हुंगले. त्या क्षणी त्यांना दुसरं काहीएक नको होतं. हे खोटं सांगण्यात अर्थ नाही.

मग दारात रंजिता दिसली. पदर सुटलेला, चेहरा पांढराफटक.

"काजल..." ती म्हणाली.

काजलनं वळून पाहिलं. अनोळखी माणसाकडे बघावं तसं, जरा भिऊन. "मम्मी, ह्या कोण शेतस?"

बाहेर नवनीत मांडवाला आंब्याचे डहाळे बांधत होते. रंजिता त्यांच्यापाशी गेली, काहीतरी बोलली. नवनीत संकोचून मागे सरले आणि पितांबरांना विचारताना ऐकू आले, "दादा, ह्या बाई वहिनीना माहेरन्या शेतस का?" घरात रंजिताचं कपाट नव्हतं. भिंतीवर जिथे तिच्या लग्नाचा फोटो असायचा, तिथे कॅलेंडर लटकत होतं.

ती परत दाराशी आली. मंगळसूत्र मुठीत आवळून धरलेलं.

"ताई... तुम्हीन त ओळखतस ना माले?"

शोभाबाईंच्या मांडीवर काजलचं डोकं होतं. एक शब्द बोलायचा नाही, बस. ही बाई अंगणातून बाहेर जाईल, साक्रीच्या किंवा कुठल्यातरी बसमध्ये बसेल, आणि पोर आपली. हा विचार मनात आला आणि चांगला ठाण मांडून बसला. मग त्यांना ओसरीतून बापूंचा आवाज ऐकू आला. बापू भिंतीशी बोलत होते, रोज सकाळी बोलत तसेच. आजवर शोभाबाईंना वाटायचं, म्हातारा देवाचं नाव घेतो. आज शब्द नीट कळला. "गोवाल... गोवाल..."

काजलचं डोकं त्यांनी उशीवर ठेवलं आणि उठल्या.

"ओळखस तुले, रंजिता. आठेच बस. कोठे जाऊ नको."

पाहुणी पपईच्या बागेत होती. धुकं अजून उठलं नव्हतं. पपईची झाडं माणसांसारखी ओळीनं उभी. वासावरूनच शोभाबाईंनी तिला गाठलं.

"परत कर."

"तुले जोयजे व्हतं."

"आते नको."

"खोटं," ती शांतपणे म्हणाली. "मन्हापुढे खोटं चालत नही, शोभा. जोयजे का नही?"

शोभाबाई तिथेच बांधावर बसल्या. खरंच, कसं म्हणायचं नको? गळ्याभोवती त्या हातांची ऊब अजून होती. त्या थांबत, शब्द शोधत बोलल्या.

"जोयजे. मरस तोपर्यंत जोयजे ऱ्हाई. पन... भेटाले नको. मन्हं मनमाच ऱ्हाऊ दे. तिनी मम्मी तिले परत दे."

पाहुणीचा चेहरा बदलला. उपाशी माणसापुढे पान वाढल्यावर बदलतो तसा.

"असं कोनी मांगत नही," ती म्हणाली. "सगळा म्हणतस, दे. दिधं का माले हाकली देतस. जोयजे ते भेटनं का मी कोठे ऱ्हाऊ? तू माले जागा दिधी."

"मग तू जाशी?"

"जास. नि ऱ्हास बी." ती उठली, गाठोडं काखेत मारलं. दोन झाडं ओलांडल्यावर थांबली, पण वळली नाही. "नि शोभा... घरमा तू एकटीच नही शे. मी सगळासले ईचारस."

धुक्यात डाळिंबी रंग थोडा वेळ दिसला, मग नाही.

शोभाबाई धावत घरी आल्या. अंगणात पाटावर काजल बसली होती, रंजिता तिला हळद लावत होती आणि बायका गाणी म्हणत होत्या. काजलनं हळदीनं माखलेलं तोंड वर केलं. "मोठी मम्मी! कोठे गयी व्हती? तुन्हा चहा थंड व्हयना."

शोभाबाईंनी तो थंड चहा उभ्यानंच पिऊन टाकला.

लग्न थाटात झालं. नवनीत आणि रंजितानं कन्यादान केलं. पाहुणी कुठे गेली, हे कोणी विचारलं नाही. ज्याला त्याला वाटलं, आपल्या घरी गेली. बापू त्याच फाल्गुनात गेले, झोपेतच. शोभाबाईंनी कोणाला न सांगता त्यांच्या पिंडाशेजारी आणखी एक छोटा पिंड ठेवला. आणि काजलचा फोन आला, रंजिताशी तिचं मम्मी-मम्मी सुरू झालं की त्यांच्या छातीत कोणीतरी कूस बदले. त्याची त्यांना सवय झाली. काही माणसं आजार घेऊन नीट जगतात, तसं. कधी कधी तर ते दुखणं सोबतीचं वाटे.

पुढच्या हिवाळ्यातली गोष्ट. काजल पहिल्या बाळंतपणाला येणार होती, म्हणून दोघी जावा डिंक तळत होत्या. थंडी कडाक्याची. रंजिता मधेच पोट धरून वाकली.

"ताई, जरा शेक देतस का? थंडीमा फार ओढस."

शोभाबाईंनी तव्यावर फडकं तापवलं. रंजिता चटईवर आडवी झाली, लुगड्याच्या निऱ्या तिनं खाली सरकवल्या. बेंबीच्या खाली आडवा, वीतभर, जुना पांढरट वण होता. डाव्या टोकाला टाका बिघडून गाठ आलेली.

ती गाठ शोभाबाईंना डोळे मिटूनही ओळखता आली असती. शहाद्याच्या दवाखान्यात काजलच्या वेळी पोट फाडावं लागलं होतं. दर थंडीत शोभाबाई रात्री दार लावून स्वतःच्या पोटाला शेक देत आल्या होत्या. त्या पोरीचं तेवढंच काय ते त्यांच्यापाशी उरलेलं.

"हाई... हाई कवयनं, रंजिता?"

"घ्या! काजलना वखतनं. विसरी गयात?" रंजिता हसली. "तुम्हीनच त दवाखानामा रातभर उभ्या व्हत्यात. तुम्हले काय कळी म्हना हाई दुखनं... तुमना चंदन त घरच्या घर व्हयना."

आणि तिनं मान पलीकडे वळवली. हसू ओठांवर तसंच होतं की पुसलं गेलं, ते शोभाबाईंना दिसलं नाही.

त्यांचा हात आपसूक स्वतःच्या पोटाकडे गेला आणि निऱ्यांपाशी येऊन थांबला. कढईत डिंक फुलत होता. फडकं निवत चाललं होतं.

"ताई... दाबा ना."

शोभाबाईंनी दोन्ही हातांनी फडकं त्या वणावर धरलं आणि हलकेच दाबलं.

त्या आता आंघोळ करतात ती भिंतीकडे बघत. साबणाचा हात बेंबीपर्यंत येतो, आणि खाली वण उरलाय की नाही हे न चाचपता तिथून परत फिरतो.