दोन दहाला थांबवलेलं मशीन

लेकीला कॉलेजात शिकवायची नोकरी लागावी म्हणून कलावतीबाईंनी सोळा सोमवार धरले होते. योगिनीला नोकरी लागली, आणि सतराव्या सोमवारी चुरमा करून त्यांनी रीतसर उद्यापन केलं. धरलेलं अर्धवट सोडलं की तेच आपल्याला धरून ठेवतं, एवढंच त्यांचं शास्त्र.

योगिनी मुलांना ऑपरेटिंग सिस्टिम लिहायला शिकवते. एक चूक झाली तरी खरा कॉम्प्युटर बंद पडायचा, म्हणून प्रत्येकाला कॉम्प्युटरच्या आतच एक खोटा कॉम्प्युटर देतात. व्हर्च्युअल मशीन. मोडलं तर नवं घ्यायचं. मधेच थांबवलं, तर पुन्हा उघडल्यावर तिथूनच पुढे चालू.

सम्यक नावाच्या मुलाने आपलं मशीन एका शनिवारी दोन दहाला असंच थांबवलं, आणि मित्रांबरोबर खडवलीला नदीवर गेला. तो परत आलाच नाही.

आठ महिने योगिनीचा ते पुसायला हात धजला नाही. कलावतीबाई मागेच लागल्या, “अगं, बंद तरी कर नीट. त्या लेकराला का अडकवून ठेवतेस?” शेवटी ठाकुर्लीच्या घरी, भर दुपारी, तिने ते आपल्या लॅपटॉपवर उघडलं. कलावतीबाई शेजारी वरीचे तांदूळ निवडत होत्या.

मशीनच्या घड्याळात दोन दहा. त्याच्यासाठी मधला काळ गेलाच नव्हता.

त्याचा प्रोग्रॅम साधा होता. जी कळ दाबाल, ते अक्षर पडद्यावर दाखवायचं, बस. योगिनीचे हात मांडीवर होते. तरी एकेक अक्षर उमटू लागलं, इंग्रजी लिपीत मराठी.

मॅडम... किती वाजले...

चौथ्या मजल्यावरच्या त्या खोलीत ओल्या गाळाचा वास भरला. ताटातले तांदूळ बाईंच्या बोटांना गार लागले.

“ओ देऊ नकोस गं...” त्या कुजबुजल्या.

पण मास्तरीणच ती. मुलाने विचारलं, आणि बोटं आपसूक चालली. तीन वाजले, बाळा.

पडद्यावर पुन्हा अक्षरं उमटली...

थांबा. आलोच.

बाईंनी निरांजन लावलं. योगिनीने मशीन रीतसर बंद केलं, पुसलं.

सोमवारी कॉलेजात तिने यादी उघडली. मुलं तीस, मशीनं एकतीस. शेवटच्यावर तिचंच नाव, आणि वेळ दोन दहा. ते तिने केलेलं नव्हतं. ते उघडत नाही. पुसलंही जात नाही.

कलावतीबाईंनी पुन्हा सोळा सोमवार धरलेत. महादेव लेकीला सोडवेल, अशी त्यांची आशा आहे. तुम्हीही एक सोमवार धरा तिच्यासाठी. आणि धराल तर, पाया पडते, मधेच थांबवू नका.