न फुगणारं लाकूड

सासूबाईंचे गुडघे आणि त्यांच्या नाचाच्या वर्गाची लाकडी जमीन, दोन्ही एकाच दिवशी फुगायची. हवा दमट झाली की खालच्या हॉलमधल्या फळ्या एकमेकींना ढकलत मधोमध उचलल्या जायच्या, आणि वरच्या खोलीत सासूबाई पलंगाच्या कडेला बसून गुडघ्यांना तेल चोळत म्हणायच्या, "खाली जाऊन बघ गं, टेकडी आली असेल." टेकडी आलेलीच असायची.

गल्लीत त्यांना सगळे भिंगरीबाई म्हणत. एकदा गिरकी घ्यायला लागल्या की थांबायचं नाव नाही, म्हणून. लग्न होऊन मी घरात आले त्याच दिवशी त्यांनी मला नाचायला ओढलं होतं. "मला नाही जमत हो," म्हणून मी हात सोडवून घेतला. त्या हसल्या. "पाय आहेत ना दोन? मग न जमायला काय झालं?"

पुढे डॉक्टरांनी त्यांचंच नाचणं बंद केलं. त्या खुर्चीत बसून टाळ्यांवर शिकवू लागल्या. मग एक दिवस एका विद्यार्थिनीचा पाय त्या टेकडीला अडखळला आणि घोटा मुरगळला. माझा नवरा घड्याळं दुरुस्त करतो. कुठलीही गोष्ट हळुवार हाताने उघडायची त्याला सवय. त्याने आईशेजारी बसून अगदी हलक्या आवाजात सांगितलं, "आई, वर्ग बंद करू या आता."

दुसऱ्या दिवशी त्यांनी केस विंचरले नाहीत. मी घाबरले ती त्या न विंचरलेल्या केसांना.

मी लाकडाच्या प्रयोगशाळेत रसायनांचं काम करते. तेव्हा आमच्याकडे बीच लाकडावर प्रयोग चालू होते. बीच दिसायला देखणं, फिकट गुलाबीसर, अंगावर बारीक ठिपके, टणकही. पण पाण्याचं भारी वेडं. हवेतली ओल शोषून फुगतं, हवा सुकली की आक्रसतं. लाकडाच्या पेशींच्या भिंतींत पाण्याला धरून ठेवणाऱ्या असंख्य जागा असतात. आम्ही फळ्या बंद टाकीत ठेवून आतली हवा काढून घेतो, ॲसिटिक अनहायड्राइड नावाचं रसायन सोडतो आणि तापवतो. त्या सगळ्या जागा मग कायमच्या भरून जातात आणि पाण्याला आत थाराच उरत नाही. असं लाकूड फुगत नाही, कुजत नाही, टिचकी मारली तर खणखणीत वाजतं. एकच खोड, काही दिवस व्हिनेगरचा वास येतो.

या फळ्या खऱ्या वापरात कशा टिकतात हे आमच्या साहेबांना पाहायचंच होतं. मी हॉलचं नाव सुचवलं.

"बीच?" सासूबाई म्हणाल्या. "म्हणजे आता वाळूत नाचायचं का?" कितीतरी दिवसांनी त्या हसत होत्या.

सुतारकाकांनी जुनी जमीन उखडून नवी बसवली. "वहिनी, लोणच्याच्या बरणीत काम केल्यासारखं वाटतंय," म्हणून ते नाक मुरडत राहिले, पण फळ्या अशा जुळवल्या की सांध्यात कागद शिरू नये. ऊन खिडक्यांतून आत आलं की सगळा हॉल मधासारखा दिसायचा.

पहिले काही दिवस सासूबाई आपल्या खुर्चीतच होत्या. चपला मात्र त्यांनी काढून टाकल्या होत्या. अनवाणी तळवे फळ्यांवर टेकवून त्या टाळ्या द्यायच्या.

मग दमट हवेचा एक दिवस आला. कपाटाची दारं अडकू लागली. मी सवयीने तेलाची बाटली घेऊन त्यांच्या खोलीत गेले तर पलंग रिकामा. खाली आले. हॉलमध्ये कोणी नव्हतं, संगीतही नव्हतं, आणि सासूबाई नाचत होत्या. हात पसरलेले, मान मागे टाकलेली, गिरकीवर गिरकी. जमीन आरशासारखी सपाट होती.

"आई! गुडघे!"

"कुठे आहेत? मला तर जाणवतच नाहीत!" त्या हसत हसत माझ्या गळ्यात पडल्या. दारात उभ्या माझ्या नवऱ्याने चष्मा काढून डोळे पुसले, मग पुन्हा पुसले.

डॉक्टरांनी गुडघे दाबले, वाकवले. सूज नव्हती. "असे गुडघे मी तरुण मुलींचेच बघतो," ते म्हणाले. "काय करता तुम्ही?"

"भिंगते," सासूबाई म्हणाल्या.

वर्ग भरू लागला. गेलेले परत आले, नवे आले. पाववाली बाई आली, पोस्टमन आला, एक निवृत्त न्यायाधीश आपल्या बायकोला घेऊन आले आणि तिच्यापेक्षा जास्त लाजले. आमच्या घरात सकाळपासून कोणी ना कोणी गुणगुणत असायचं. नवरा तर जिना उतरतानाही ठेका धरायचा. इतकं सुख त्या घराने मी आल्यापासून पाहिलं नव्हतं.

म्हणूनच बारीकसारीक गोष्टींकडे मी काणाडोळा करत होते.

सगळ्यांच्या पावलांचा धपधप आवाज यायचा. सासूबाईंचा खण्ण असा यायचा. वाटलं, कसलेलं पाऊल आहे.

एकदा त्या अंगणात पाय धुऊन आल्या. पाण्याचे थेंब त्यांच्या पावलांवर मण्यांसारखे उभे होते आणि चालताना घरंगळून खाली पडत होते. मागे ओली पावलं उमटली नाहीत, नुसते मणी सांडत गेले. वाटलं, तेल चोळतात ना.

पण तेल त्यांनी केव्हाच सोडलं होतं. बाटली माझ्याच कपाटात होती.

केस विंचरून देताना मला त्यांच्या मानेपाशी व्हिनेगरचा वास आला. फळ्यांचा वास तर कधीच उडून गेला होता. मी मुद्दाम ओणवी होऊन जमिनीचा वास घेतला. काही नाही.

एका दुपारी मी फळ्यांची तपासणी करायला ओलावा मोजायचं यंत्र घेऊन बसले होते. हातात मावेल एवढं, पुढे दोन सुया. फळीला टेकवलं की आकडा दाखवतं. सगळ्या फळ्या उत्तम होत्या, जवळजवळ कोरड्या ठाक. नवरा आणि सासूबाई शेजारी बसून गंमत बघत होते.

"माणसाला लावलं तर?" त्याने तळहात पुढे केला. मी सुया टेकवल्या. यंत्र चीं चीं करून ओरडलं, आकडा सगळ्यात वर जाऊन थांबला.

"पाण्याची पिशवी आहेस नुसता," सासूबाई म्हणाल्या. "मला लाव बघू."

मी त्यांच्या तळहाताला सुया टेकवल्या.

यंत्र गप्प राहिलं.

आकडा फळ्यांचाच होता.

"बॅटरी गेली वाटतं," नवरा म्हणाला. मी सुया स्वतःच्या मनगटाला लावल्या. यंत्र ओरडलं.

तो हसत चहा टाकायला वर गेला. मी सासूबाईंचा हात हातात घेतला. हात उबदार होता, नितळ होता. त्यांनीही तो काढून घेतला नाही.

"आई, थोडे दिवस वर्ग बंद ठेवू. मला या फळ्या नीट तपासू दे."

"का?"

"मला कळत नाहीये काय होतंय ते."

"मला कळतंय का?" त्या शांतपणे म्हणाल्या. "सकाळी उठते, काही दुखत नाही. भूक लागते, झोप लागते. हसू येतं. तू मला परत त्या खुर्चीत बसवणार आहेस?"

मी यंत्र बंद केलं.

"तुझ्या टाकीतलं लाकूड," त्यांनी विचारलं, "परत पहिल्यासारखं करता येतं?"

"नाही."

"मग झालं तर." त्यांनी माझ्या गालावर हात फिरवला. "रविवारी कार्यक्रम आहे. तू यायचंस. नुसतं बघायला नाही."

रविवारी कडाक्याची थंडी होती. दुपारीच हॉल खचाखच भरला. न्यायाधीशांनी बायकोला असं फिरवलं की तिचा अंबाडा सुटला. पोस्टमनच्या प्रत्येक उडीला टाळ्या पडल्या. सासूबाई सगळ्यांच्या मधून वाऱ्यासारख्या फिरत होत्या, आणि आता सगळ्यांचीच पावलं खण्ण वाजत होती. सगळी जमीन घंटेसारखी वाजत होती. ते इतकं सुंदर होतं की मला घाबरायला सुचलं नाही.

त्यांनी माझ्यापुढे हात केला. मी या वेळी सोडवून घेतला नाही. चपला काढल्या.

लाकूड पायाखाली कोवळ्या उन्हासारखं होतं. मला नाचता येत होतं. कोणी शिकवलं नव्हतं, तरी येत होतं. मी किती वेळ नाचले ते सांगता येणार नाही. मी मोठमोठ्याने हसत होते एवढं आठवतं. संगीत थांबलं तेव्हा मी खिडकीशी होते, आणि एवढी नाचूनही मला धाप लागली नव्हती.

नवरा बाहेर होता, पाहुण्यांच्या गाड्या लावून देत होता. त्याने मला पाहिलं आणि हात हलवत काचेपाशी आला. त्याच्या तोंडातून वाफेचे ढग निघत होते. काय, नाचलीस की नाही, असं तो खुणेने विचारत होता. मला गंमत सुचली. श्वासाची वाफ काचेवर धरायची आणि बोटाने त्यात उत्तर लिहायचं.

मी काचेवर फुंकर घातली.

मग ओठ अगदी जवळ नेऊन, पुन्हा घातली.

काच स्वच्छ राहिली. पलीकडे तो हसत, मी काय लिहिते त्याची वाट बघत उभा होता.