केटुराची नोंद

मंगळवारी दुपारची जेवणं आटोपून विनी कटफोर्थ हॉल्मर फेन गावच्या चर्चमध्ये जायला निघाली, तेव्हा तिच्या पिशवीत एक वही, दोन पेन्सिली आणि चीजचं सँडविच होतं. शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं पोरांना वाढून ती नुकतीच निवृत्त झाली होती. घरी तिची आई मॅज, अठ्ठ्याऐंशी वर्षांची. हृदय दुबळं, पण जीभ धारदार आणि डोकं विनीपेक्षा तल्लख.

"सापडल्याशिवाय येऊ नकोस," आई पलंगावरून म्हणाली. "मागच्या खेपेला चार तास घालवलेस आणि लोणच्याची बरणी घेऊन आलीस."

"ऑलिव्ह बसेल तुझ्यापाशी. तिला छळू नकोस."

"मी कशाला छळू? ती विणतेय ते स्वेटर की मासे धरायचं जाळं, एवढंच विचारलं."

शेजारची ऑलिव्ह हसली. विनीला मात्र हसू आलं नाही. तीन आठवडे आईच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

केटुरा ब्रमिट ही मॅजची पणजी. मॅजच्या जन्माआधीच गेलेली, पण मॅजला ती लहानपणापासून दिसायची. पलंगाच्या पायथ्याशी गप्प बसून केस विंचरायची. मॅजला तिची भीती कधी वाटली नाही. घरचीच बाई, तिला काय भ्यायचं? पण या हिवाळ्यात केटुरा बोलू लागली होती. रात्रभर एकच प्रश्न... माझं नाव कुठे लिहिलंय का? डॉक्टरांनी विनीला बाहेर बोलावून सांगितलं होतं, अशीच जागरणं झाली तर नाताळ बघणार नाहीत या.

म्हणून विनी शोधत होती. लिंकन शहराच्या दफ्तरखान्यात जुन्या शिरगणतीच्या मायक्रोफिल्मा यंत्रावर फिरवून तिचे डोळे चुरचुरले होते. १८५१ साली ब्रमिटांच्या घरात नवरा, तीन वर्षांची मुलगी आणि सर्वांत खाली केटुराचं नाव होतं. लिहिलेलं, आणि आडवी रेघ मारून खोडलेलं. दहा वर्षांनी पुन्हा तेच. पुढच्या शिरगणतीपर्यंत मुलगी लग्न होऊन दुसऱ्या घरी गेली होती, तर तिथेही केटुरा आणि तिथेही रेघ. या खेपेला लिहिणाऱ्याने समासात खुलासा केला होता : 'घरात पाहिली, नाही. मुलगी म्हणते, आहे.'

विनीने तो शेरा जसाच्या तसा वहीत उतरवून घेतला होता.

वह्या ठेवायची खोली चर्चच्या मागच्या अंगाला होती. ओल्या दगडाचा, विझलेल्या मेणबत्त्यांचा वास तिथे साचून राहिलेला असे. चर्चचं सगळं बघणारे म्हातारे मिस्टर ॲब्लेट यांनी दफनाची वही टेबलावर ठेवली.

"परत आलात? जिवंत नातलगांकडेसुद्धा कोणी इतकं जात नाही, बाई."

"जिवंत नातलग चहा मागतात, मिस्टर ॲब्लेट."

"पेन बाहेर काढायचं नाही. पेन्सिल चालेल, तीही तुमच्या वहीपुरती." एवढं बजावून ते मनोऱ्यातल्या घड्याळाला किल्ली द्यायला वर गेले.

विनी पानं उलटत राहिली. नोव्हेंबर १८४९ ला तिचं बोट थांबलं. 'अनोळखी स्त्री. कालव्यात सापडली. वय अंदाजे पंचवीस.'

तिने मनाशी हिशेब केला. केटुरा तेव्हा साधारण पंचविशीची असणार. शिरगणतीला दीड वर्ष होतं. बुडाली, ओळख पटली नाही आणि निनावी पुरली गेली. म्हणूनच घरच्यांना ती दिसत होती आणि मोजणाऱ्यांना नाही. सगळं जुळत होतं. विनीला आईचे तारवटलेले डोळे आठवले. तिने दाराकडे पाहिलं, पेन्सिल उचलली आणि त्या ओळीपुढे बारीक अक्षरात लिहिलं : केटुरा ब्रमिट.

वर किल्लीची करकर थांबली. थोड्या वेळाने ॲब्लेट जिना उतरून आले.

"कोण आलं होतं?"

"कोणी नाही."

"दार वाजलं ना आत्ता." त्यांनी दाराबाहेर डोकावून पाहिलं. "मग कोणीतरी बाहेर गेलं असेल."

विनी घरच्या गल्लीत शिरली तेव्हा चार वाजून गेले होते, कालव्यावर धुकं उतरत होतं. ऑलिव्ह स्वतःच्याच फाटकापाशी उभी होती.

"तू इथे? मग आईपाशी कोण आहे?"

"अगं, तुमच्या नातलग आल्यात ना! म्हणाल्या, तुम्ही जा, मी बसते. केटुरा नाव. तुम्हा लोकांत फिरून फिरून तीच नावं कशी गं?"

विनी धावतच घरात शिरली. आईने पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून घेतलं होतं. ओठ पांढरे पडले होते.

"हळू बोल," आई पुटपुटली. "विनी... काय करून आलीस?"

"नाव लिहिलं, आई. ती कालव्यात बुडाली होती..."

"आपली केटुरा नाही बुडाली." आईने तिचं मनगट धरलं. "आत्ता रडत गेली ती इथून... म्हणाली, माझं नाव दुसरीलाच दिलं..."

"मग... स्वयंपाकघरात कोण आहे?"

आतून आवाज येत होता. एक खण उघडला. मग दुसरा. कसलीच घाई नव्हती. नव्या घरात कुठे काय ठेवलंय ते बघावं, तसा तो आवाज होता.

विनी आत गेली. कोणी नव्हतं. सगळे खण वीतभर उघडे होते आणि कालव्याच्या तळाला येतो तसा काळ्या चिखलाचा वास भरून राहिला होता.

त्या रात्री आई मात्र गाढ झोपली. विनी खुर्चीवर बसून तिचा श्वास मोजत राहिली. सकाळी खोडरबर घेऊन ती चर्चमध्ये गेली, तेव्हा किल्ल्या घेऊन ॲब्लेट नुकतेच पोचत होते. वही रात्रभर तिजोरीत होती.

'अनोळखी स्त्री. कालव्यात सापडली.' पुढे कोरा कागद. खोडल्याची खूण नाही, पेन्सिलीच्या टोकाचा वळसुद्धा नाही. नाव तिथून गेलं होतं.

घरी येऊन तिने आईपाशी बसलेल्या ऑलिव्हला घरी पाठवलं आणि एकेक खण तपासला. चमचे होते, आजीचे टेबलक्लॉथ होते, पैशांचा डबाही जागच्या जागी. शेवटी तिने कागदपत्रांची पेटी काढली. घराचे कागद होते, वडिलांचा मृत्यूचा दाखला होता. तिचा स्वतःचा जन्मदाखला तेवढा नव्हता. तिने पेटी दोनदा उपडी केली.

आईच्या खोलीत हालचाल झाली. विनी धावत गेली. आई उठून बसली होती. गालांवर कित्येक महिन्यांत नव्हता तो रंग होता.

"आई, बरं वाटतंय?"

आईने तिच्याकडे पाहिलं. रस्ता चुकून दारात आलेल्या माणसाकडे पाहावं, तशा अदबीने.

"आपण कोण, बाई?"

"आई... मी विनी."

आई जरा संकोचून हसली. मग तिच्या खांद्यावरून पलीकडे पाहत तिने हाक मारली, "विनी! अगं, कोणीतरी आलंय बघ."

"आले हं, आई," स्वयंपाकघरातून उत्तर आलं.